मंडपात बघू

संक्रांतीनंतरचा दुसरा शनिवार, शेवटचा तास सुटल्यावर. ठिकाण: सेनगावच्या आमच्या कॉलेजची मागची खोली, जिथे क्रीडा विभागाचे भाले भिंतीला टेकवून ठेवलेले असत. हजर: राज्यशास्त्राचे जाधव सर, इस्रायलकडून गंगाधर, पॅलेस्टाईनकडून विठ्ठल, मध्यस्थ, म्हणजे अमेरिका, म्हणून शबाना, आणि इतिवृत्त लिहायला मी. गैरहजर: कुणी नाही. विषय: दोन्ही बाजूंमध्ये कायमचा शांतता करार करणे.

त्या दिवशी कागदावर मी साधारण असंच लिहिलं होतं. बैठक कशाचीही असो, आधी कोण हजर होतं ते लिहायचं, ही सवय मला तिथे लागली आणि मग सुटली नाही. आता मी एका शाळेचं कार्यालय सांभाळते. घरी किराणा आणायचा असला तरी चिठ्ठीवर तारीख घालते. माझी मुलं त्यावर हसतात. हसू देत. घरात साखर कधी संपत नाही.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला काहीतरी करून दाखवायचं होतं. नांदेडला कॉलेजांची एक स्पर्धा होती. बाकीची कॉलेजं वक्तृत्वाला मुलं पाठवत. आमच्या सरांना वक्तृत्वाचा कंटाळा होता. ते म्हणाले, “भांडायला तुम्हाला शिकवायची गरज नाही. हात वर करून ओरडायलाही नाही. मला कागद पाहिजे. जगातलं एक जुनं भांडण घ्या, समोरासमोर बसा, आणि खाली दोन सह्या असलेला कागद मला आणून द्या. तो घेऊन आपण नांदेडला जाऊ.” भांडण त्यांनीच निवडलं. कोण कुठल्या बाजूला हे ठरवायला शबानाच्या डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकल्या. गंगाधरला पॅलेस्टाईन हवं होतं, त्याला इस्रायल आलं. विठ्ठलला काहीही चाललं असतं. शबानाची चिठ्ठी उघडली तशी ती म्हणाली, “अच्छा झालं. आमच्या अब्बाचं सायकलचं दुकान हाय. भांडण कोणाचंबी असो, हवा भरायला दोघंबी आमच्याकडंच येतात.”

मला नांदेडला जायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तोवर मी एकदा औंढ्याच्या जत्रेला आणि दोनदा हिंगोलीला गेले होते. कागद पुरा झाला तर नांदेड, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं. म्हणून मी सगळ्यात आधी नकाशा काढला.

नकाशा मी खताच्या दुकानातून आलेल्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढला आणि घरी पुढच्या खोलीत जमिनीवर पसरला. आमचं घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत चूल आणि आई, पुढच्या खोलीत बाकी सगळं. शेजारी पिठाची गिरणी होती. ती चालू असली की आमच्या मांडणीवरची भांडी हलकी किणकिणत राहायची, आणि गिरणी थांबली की घरातलं बोलणं एकदम मोठं वाटायचं. स्टँड जवळच असल्यामुळे जीपवाल्यांचं “रिसोड रिसोड रिसोड” दिवसभर कानावर यायचं. हिवाळ्याचे दिवस म्हणजे तुरीचे दिवस. आई ओल्या शेंगा सोलून सोल्यांची आमटी करायची, त्यात वांगं, वरून तिळाची भरड, आणि बाजूला तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकर. शेंगा सोलायला आम्ही सगळे बसायचो. बाबा पंचायत समितीत कारकून होते. ते आल्यावर रेडिओ लावायचे, आणि बातम्या सुरू असताना त्यांच्या हातातली शेंग तशीच राहायची.

माझी बहीण सुनंदाताई नर्सिंग शिकून बसली होती. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या एका उपकेंद्रावर तिची नेमणूक व्हायची होती. ऑर्डर कोणत्याही टपालाने येईल असं सगळे म्हणत. ताई फार बोलायची नाही. तिचं अक्षर मात्र असं होतं की सगळ्या गल्लीतले अर्ज तिच्याकडे यायचे. ऑर्डरची वाट बघत असतानाच तिला रिसोडकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा शाळेत मास्तर. त्यासाठी किसनमामा आमच्याकडे येऊन राहिले होते. मामांच्या मेंढ्या त्या वेळी जवळच एका शेतात बसवलेल्या होत्या. खत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि धान्य देतात. मेंढ्या मुलांच्या हवाली करून मामा घोंगडी खांद्यावर टाकून यायचे. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडच्यांच्या याद्या करायच्या असल्या, म्हणजे कोणी काय करायचं हे कलमवार ठरवायचं असलं, की आसपासच्या गावांतून मामांना बोलावणं असे. त्यांना लिहिता येत नसे. पण यादी त्यांच्याशिवाय होत नसे.

नकाशा बघून मामा उकिडवे बसले. “कोणाचं रान म्हणायचं हे?”

“दोघंही म्हणतात आमचं,” मी म्हणाले.

“केवढं हाय?”

“मराठवाड्याच्या निम्म्याहून कमीच.”

आई चुलीपासून म्हणाली, “एवढुशासाठी एवढं? रेडिओवाल्याला दुसरं काही सापडत न्हाई काय?”

“अगं, रान लहान असलं की भांडण मोठं असतं,” मामा म्हणाले. मग मी त्यांना सरांनी फळ्यावर लिहून दिलेले दहा मुद्दे वाचून दाखवले: पाणी, रस्ते, वीज, कामाला जाणं-येणं, शाळेची पुस्तकं, कैदी, बंदोबस्त, हद्द आणि वसाहती, जेरुसलेम, आणि युद्धात घरं गेलेल्यांचं परत येणं. मामांनी डोळे मिटून ऐकलं. मग बोटाने जमिनीवर रेघ ओढली.

“हे बघ. यादी करताना सोपं वर घ्यायचं. पंगत किती, वाजंत्री कोणाची, मानाचा फेटा कोणाला. माणसं व्हय व्हय करायला लागली की तोंडाला सवय लागती. अवघड आलं की म्हणायचं, हे मंडपात बघू.”

“मंडपात नाही जमलं तर?”

“तवा पंगत बसलेली असती, येडे. जेवता जेवता कोणी लगन मोडत न्हाई.”

मला ते एकदम पटलं. पुढच्या बैठकीसाठी मी सरांचे दहा मुद्दे मामांच्या रीतीने लावले आणि मंडपाची युक्ती सगळ्यांना सांगितली. सोपं वर, अवघड खाली.

आणि काम धावायला लागलं. रोज तास सुटले की आम्ही मागच्या खोलीत बसायचो. विठ्ठल आणि गंगाधर समोरासमोर, मधे शबाना, टोकाला मी. पाण्याचं कलम एका बैठकीत झालं, कारण कॅनॉलच्या पाळ्या कशा लावतात हे आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या टोकाला आधी पाणी द्यायचं, असं विठ्ठलने लिहून घेतलं. कामाला जाणाऱ्या माणसांना चौकीवर किती वेळ थांबवायचं यावरून दोघे चांगलेच भांडले. विठ्ठल म्हणाला, “माझा बाप पहाटे उठून रांगेत उभा राहतो आणि तुझं पोरगं खुर्चीत बसून म्हणतं, कागद दाखव. कितीदा दाखवू?” गंगाधर म्हणाला, “तुझ्याकडून येऊन कोणी आमच्या बसमधे बॉम्ब फोडला तर मी कोणाचा कागद बघू?” दोघेही घरून वर्तमानपत्रं वाचून आले होते. शबाना टेबलावर झाकण आपटून म्हणायची, “अमेरिका बोल रही है, आवाज खाली.” मग कोणीतरी हसायचं आणि कलम पुढे सरकायचं. मामांचं खरं होतं. व्हय म्हणायची सवय लागते.

सात कलमं झाली आणि मग परत येण्याचं कलम आलं.

विठ्ठलने त्याचं नीट मांडलं. आमची माणसं गाव सोडून पळाली तेव्हा त्यांना वाटलं होतं, आठवड्याने परत येऊ. त्यांची नातवंडं अजून छावणीत आहेत आणि गावाचं नाव विचारलं तर जुन्याच गावाचं सांगतात. त्यांना परत येऊ द्या. आता उत्तर गंगाधरने द्यायचं होतं. त्याने ते लिहून आणलं होतं. तो उभा राहून वाचायला लागला. “ती गावं आता उरलेली नाहीत. तिथे दुसरी वस्ती झाली आहे, त्या लोकांचीही नातवंडं तिथेच जन्मली आहेत. मागचं मागे टाकावं लागतं. ज्यांची घरं गेली त्यांनी मोबदला—” आणि तिथे तो थांबला.

आम्ही वाट बघत राहिलो. मग ते माझ्या लक्षात आलं, आणि बहुतेक सगळ्यांच्याच एकदम आलं. गंगाधरचं घर पुनर्वसनाच्या वस्तीत होतं. त्यांचं जुनं गाव सिद्धेश्वरच्या धरणात गेलं होतं, त्याच्या जन्माच्या बरंच आधी. तरी त्याच्या घरी पाहुण्याने गाव विचारलं की जुन्या गावाचंच नाव सांगत. तो जे वाचत होता ते त्याच्या घरच्यांना कोणीतरी टेबलामागून, जवळजवळ त्याच शब्दांत, ऐकवलेलं होतं.

“सर, हे मला बोलता येऊन नाही राहिलं,” तो म्हणाला आणि खाली बसला.

“मग आमी जिंकलो का?” विठ्ठलने विचारलं. पण ते त्याने सवयीने विचारलं होतं. लगेच तो भाल्यांकडे बघायला लागला.

शबानाने माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं आणि मला एकच उपाय ठाऊक होता. मी म्हणाले, “हे मंडपात बघू.” सगळे हसले, गंगाधरही. हुश्श झालं. मग त्याच सपाट्यात हद्दीचं आणि जेरुसलेमचं कलमही मंडपात गेलं. करारात मी लिहिलं की उरलेल्या तीन विषयांवर दोन्ही बाजू ठरावीक मुदतीत सलोख्याने चर्चा करतील. दोघांनी सह्या केल्या. शबानाने साक्षीदार म्हणून केली. मी कागद सरांकडे नेला.

सरांनी तो उभ्या उभ्याच वाचला आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. “तुम्ही लहान असताना पेपरात एक फोटो आला होता,” ते म्हणाले. “हिरवळीवर दोन पुढारी हात मिळवतायत, मधे अमेरिकेचा अध्यक्ष हात पसरून उभा. त्या फोटोमागच्या कागदातही हेच आहे. सोपं आधी, आणि हद्द, जेरुसलेम, निर्वासित हे पाच वर्षांत बघू. पाच वर्षं कधीच उलटली. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुम्ही काय करता ते बघायचं होतं.”

“म्हणजे आमचं बरोबर आलं?” मी विचारलं.

“बरोबर असतं तर तिथं आज बंदुका दिसल्या नसत्या. चुकलं असंही मी म्हणत नाही. पण हा कागद घेऊन मी नांदेडला जाणार नाही. तीन कलमं भरून आणा. मी थांबतो.”

घरी येऊन मी ताईला कागदाची चांगली नक्कल करायला दिली. शेवटची तीन कलमं भरल्यावर तेवढी खाली उतरवायची, असा माझा बेत होता. ताई दिव्याखाली बसून लिहीत होती, आई येसर भाजत होती. येसर म्हणजे आमटीचा मसाला. तो भाजायला लागला की शेजारच्या गिरणीतली माणसंसुद्धा शिंकतात. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. नक्कल करता करता ताईने मान वर केली. “पाणी हाय, रस्ता हाय, पुस्तकं हायेत. ज्याच्यावरून भांडण लागलं ते कुठाय?”

“ते नंतर भरायचंय. मामांची रीत आहे.”

ताई पेन खाली ठेवून रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघत बसली. त्याच दुपारी टपालाने तिची ऑर्डर आली होती. ती तिने मांडणीवरच्या डब्याखाली ठेवली होती.

रविवारी पाहुणे जीपने आले. मुलगा प्रकाश, त्याचे काका आणि गावातले दोघे. काका हेच बोलणारे होते. प्रकाश कोपऱ्यात बसून पायांतल्या बुटांकडे बघावं तसा खाली बघत होता, जरी बूट त्याने बाहेर काढलेले होते. पोहे झाले, चहा झाला. पुरण शिजवून तयार होतं, पण पोळ्या लाटायच्या त्या सुपारी फुटल्यावरच. सुपारी फुटली म्हणजे सोयरीक ठरली, आणि मग जेवण. याद्या सुरू झाल्या. बाबा लिहायला, मामा बोलायला. मंडप आमच्याकडचा, वाजंत्री तुमच्याकडची. पंगतीत भात आधी की पोळी आधी यावरसुद्धा मामांनी पाहुण्यांना हसवून व्हय म्हणायला लावलं. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला अभिमान वाटत होता.

मग बाबा म्हणाले, “पोरीची ऑर्डर आलीय. सिद्धेश्वरकडं.”

काकांनी तंबाखू मळणं थांबवलं. “नोकरीचं काय हाय, पोरगी घरी आल्यावर पाहू ना. घरातली गोष्ट घरात.”

“बराबर हाय,” मामा म्हणाले. “ते आपण मंडपात बघू. चला, सुपारी आणा.”

ताई आतून ताट घेऊन आली. ताटात सुपाऱ्या, अडकित्ता, हळद-कुंकू. ती मामांच्या समोर आली, पण ताट खाली ठेवलं नाही. “मामा,” ती म्हणाली, “हे आधी घ्या. बाकीचं मंडपात बघू.”

“काय आधी घ्या?”

“माझी नोकरी. वाजंत्री मंडपात ठरवा, पंगत मंडपात ठरवा. हे आत्ता.”

गिरणी बंद होती. काका हसले, पण कोणाकडे न बघता. “आमी सिस्टर पाहायला आलो होतो, का वकील?”

“सुनंदा, आत जा,” मामा म्हणाले.

“जाते,” ताई म्हणाली. “सुपारी घेऊन जाते.” आणि ताट घेऊन ती आत गेली.

पाहुणे उठले. कोणी मोठ्याने बोललं नाही. बाबा त्यांना स्टँडवर सोडायला गेले. जाताना प्रकाशने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, ते मी पाहिलं. मामा मात्र आईवर तापले. “जमून आलेलं मोडलं पोरीनं! माझ्या हातची एक यादी आजवर फिसकटली न्हाई. लोक काय म्हणतील, किसन्याची भाची!” आई पुरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, “लोकांना सांग, पुरण उरलंय, खायला या.” बाबा परत आले आणि त्यांनी रेडिओ लावला. बऱ्याच वेळाने, बातम्या संपल्यावर, म्हणाले, “उद्या मोडण्यापेक्षा आज अडलेलं बरं.” ताई शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिचे हात नेहमीसारखेच चालले होते. पण रात्री अंथरुणावर ती माझ्याकडे पाठ करून झोपली आणि मी काही विचारलं नाही. ते स्थळ तिला आवडलं होतं, हे मला ठाऊक होतं. तिने ज्याच्यावर पाणी सोडलं होतं ते लहान नव्हतं.

आम्ही पुरण खूप दिवस खाल्लं. आधी पोळ्या, मग पुरणाची धिरडी, मग नुसतंच वाटीत. सुपाऱ्या आईने परत डब्यात टाकल्या.

बाजाराच्या दिवशी प्रकाश एकटाच आला. हातात रिकामी पिशवी होती, बाजाराला आलो असं दाखवायला. ओट्यावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, “मी येथं आलो हे घरी ठाऊक नाही.” आई दारात बसली. ताई उंबऱ्याच्या आत उभी राहिली. मी गव्हातले खडे वेचायला बसले, कारण मला ऐकायचं होतं.

ताई म्हणाली, “तुमच्या काकांनी न्हाई म्हटलं नव्हतं. व्हयही म्हटलं नव्हतं. अडचण काय हाय ते सांगा आधी.”

त्याने पिशवीची घडी केली, उलगडली, परत घडी केली. “माझ्या आईला दिसत नाही. थोडं थोडं करून गेलं. घरी दुसरं कोणी नाही. मी शाळेत गेलो की ती दाराशी बसून राहते. चारचौघांत कोण सांगते, म्हणून काका बोलले नाहीत. आमाले वाटलं, सून घरी येईल मंग होईल.”

आमच्याकडे कोणी हे विचारलंच नव्हतं. सोपी कलमं इतकी छान चालली होती.

“मग आईंना सिद्धेश्वरला आणू,” ताई म्हणाली.

“तिला गाव सोडवत नाही. गावात तिला दिसते. भिंत कुठं, आड कुठं, सगळं पायाला ठाऊक हाय. दुसरीकडं नेली तर खरी आंधळी होईल.”

त्या दिवशी ते तिथेच थांबलं. तो पुढच्या बाजाराला आला, आणि त्याच्या पुढच्यालाही. तोवर गल्लीला कळलं होतं आणि जीपवालेसुद्धा त्याच्याकडे बघून “मास्तर, सेनगावचा बाजार लई आवडला काय?” म्हणायचे. शेवटी ठरलं ते असं: ताई नोकरी करेल, प्रकाश सिद्धेश्वरजवळ बदली बघेल. त्याची आई पावसाळा-हिवाळा त्यांच्याजवळ राहील, हे तो तिला विचारूनच आला होता, आणि उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की प्रकाश तिला घेऊन गावी जाऊन राहील. ताईचं हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं स्वप्न होतं, कारण तिथे खूप शिकायला मिळतं. ते तिने सोडलं. गाव आणि भावकी सोडून घरजावयासारखा बायकोच्या नोकरीवर राहतोय, असं त्याला पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागलं. दोघांनीही काहीतरी दिलं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्यांची भांडणं मी पुढे पुष्कळ पाहिली, पण नोकरीवरून एकही नाही. सुपारी मामांनीच फोडली. नंतर पाच गावांत सांगत फिरले की ही सोयरीक आपण जमवली.

आमच्या कागदाचं मात्र पुढे सरकलं नाही. नांदेडला त्या वर्षी दुसरी मुलं गेली, वक्तृत्वालाच. मला वाईट वाटलं, ते मी गव्हातल्या खड्यांबरोबर वेचून टाकलं असं लिहायला चांगलं दिसेल, पण तसं झालं नाही. वाईट बरेच दिवस वाटत होतं. ताईचं मार्गी लागताना पाहून माझ्या डोक्यात एक गोष्ट मात्र बसली होती. अवघड कलमाच्या खाली बहुतेक वेळा कोणीतरी दाराशी बसलेलं असतं, ज्याच्याबद्दल चारचौघांत बोलता येत नाही. हे मी गंगाधरला सांगितलं. तो म्हणाला, “उन्हाळ्यात माझ्यासोबत चला. पाणी उतरलं की दाखवतो.”

वैशाखात आम्ही चौघं गेलो. धरणाचं पाणी खूप मागे गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात जुन्या गावाच्या काही पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. गंगाधरची आत्या आमच्या आधीच पोचली होती. गाव गेलं तेव्हा ती लहान पोरगी होती. ती कळशीने पाणी आणून एक पायरी धूत होती, गाळ निघेपर्यंत, आणि परत नवं पाणी आणत होती. दर उन्हाळ्यात पायरी दिसली की ती येते, गंगाधर म्हणाला. ती कोणाच्या घराची, देवळाची का आडाची, हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

आम्ही लांब एका बाभळीखाली बसलो. माझ्या पिशवीत कागद होता. गंगाधर म्हणाला, “लिही. इस्रायलकडून. तुमची माणसं तिथली होती आणि त्यांना परत यायचा हक्क होता, हे आम्ही मान्य करतो. आज जे तिथं राहतात त्यांना कोणी उठवायचं नाही. पण त्यांनी हे ऐकून घ्यायचं. किती जणांनी यायचं ते मग बसून ठरवू.”

मी पेन्सिलीने लिहिलं, त्याने समोर सही केली. शबाना म्हणाली, “अमेरिकेला हे सुचलं नसतं.” मी कागद विठ्ठलपुढे केला. त्याने तो दोनदा वाचला.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “पण सही मी नाही करत.”

“काहून?” गंगाधरने विचारलं.

“मी मेंढक्याचं पोरगं. आज इथं, उद्या तिथं. माझं काहीच गेलं न्हाई. ज्याचं गेलं त्याच्या वतीनं मी कमी घेऊन सही कशी करू? त्याला तरी विचाराय पाहिजे, एवढ्यात भागतं का म्हणून.” त्याने हनुवटीने पायरीकडे दाखवलं. “तुझ्या आत्याला विचार.”

गंगाधर उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. “आता नको,” विठ्ठलच म्हणाला. “ती पायरी धुऊन राहिली.”

आम्ही परत आलो. त्याच वर्षी भर पावसाळ्यात बाबांच्या रेडिओवर आलं की अमेरिकेत दोन्ही पुढाऱ्यांना बसवून उरलेल्या विषयांवर बोलणी झाली आणि काही न ठरता संपली. तेच विषय होते: हद्द, जेरुसलेम, परत येणं. थंडी पडायच्या आत तिथे पुन्हा माणसं मरायला लागली. बाबांनी रेडिओ बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला. आजही टीव्हीवर त्या भागाचं नाव आलं की मुलं चॅनेल बदलायच्या आधी मी हात वर करते. मला फार कळतं असं नाही. कोणी कोणाला विचारलंय का, एवढंच बघते.

गंगाधर आता पुण्यात असतो. विठ्ठलचं सेनगावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. शबाना हिंगोलीत वकिली करते आणि अजून टेबल आपटते. जाधव सर निवृत्त झाले. भेटले की काठी वर करून विचारतात, “तीन कलमांचं काय झालं?” मी सांगते, एकावर मसुदा आहे, दोन बाकी आहेत. कागद माझ्याकडे आहे. ताईच्या अक्षरातली सात कलमं, खाली पेन्सिलीतलं एक, आणि त्याच्यासमोर गंगाधरची सही. विठ्ठलची जागा मोकळी. मागच्या दिवाळीत त्याच्या दुकानात गेले होते. म्हणाला, “माझं तेच म्हणणं हाय. आत्या काय म्हणाली?”

आत्या अजून आहे, पुनर्वसनाच्या वस्तीत. गुडघ्यांमुळे आता पायरीपर्यंत जात नाही. कामानिमित्त मी दर महिन्याला जवळा बाजारला जाते आणि जीप तिच्या फाट्यावर थांबते. कधी पाऊस असतो, कधी पिशव्या फार असतात. या आठवड्याच्या कामांत मी ते सगळ्यात वर लिहिलं आहे, बँकेच्या आणि दळणाच्या आधी: आत्याला विचारणे, एवढ्यात भागतं का. बँक झाली, दळणही झालं. वरची ओळ तशीच आहे.